परसातील टोमॅटो : आधार, बांधणी आणि छाटणीच्या नोंदी
(जुळे सोलापूर, हिवाळी हंगाम २०२४-२५)

२० ऑक्टोबर २०२४

घरामागची मातीची पट्टी आणि गच्चीचा पूर्वेकडचा भाग यंदा टोमॅटोलाच द्यायचा असे ठरले आहे. सोलापूरच्या उन्हात टोमॅटोची छाटणी किती करावी, ती कोणत्या महिन्यापासून आवरती घ्यावी आणि वाढत्या झाडाला आधार कसा द्यावा, एवढ्यापुरत्याच या नोंदी आहेत. छाटणीविषयी जी माहिती सहज हाती लागते ती बहुतांशी थंड मुलखातील किंवा काचगृहातील झाडांवरून आलेली असते. तिकडे ऊन अपुरे पडते, म्हणून पाला कमी करून फळापर्यंत उजेड पोहोचवतात. इकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन असे तापू लागते की फळालाच सावली शोधावी लागते, त्यामुळे तिकडची कात्री जशीच्या तशी इकडे चालवणे मला पटत नाही.

टोमॅटोची फळधारणा रात्रीचे तापमान १५ ते २१ अंश आणि दिवसाचे ३० अंशांच्या आसपास असताना चांगली होते. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २४ च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात आणि फुले देठासकट गळतात. सोलापुरात याचा अर्थ सरळ आहे : नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जेवढी फुले धरतील तेवढ्यांवरच हंगाम. रोपे सप्टेंबरच्या शेवटी टाकली असून ती आता वीतभर होत आली आहेत.

वाण निवडताना वाढीचा प्रकार आधी पाहिला, कारण छाटणीचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे. मर्यादित वाढीच्या झाडाच्या शेंड्यावर शेवटी फुलांचा घोस येतो आणि उंची तिथेच थांबते. अशा झाडाचे बहुतेक पीक बगलफुटींवर येते, तेव्हा त्या खुडणे म्हणजे फळेच खुडणे. अमर्याद वाढीचे झाड मात्र शेंडा जिवंत असेपर्यंत वाढत राहते, पानाच्या प्रत्येक बगलेतून नवा फुटवा काढते आणि मोकळे सोडले तर दोन महिन्यांत त्याचे रान होते. आमच्याकडे चेरी टोमॅटो आणि एक संकरित वाण अमर्याद वाढीचे आहेत. त्यांच्या जोडीला बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा वाण घेतला आहे. तो अर्धमर्यादित वाढीचा असून लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे.

अमर्याद झाडांपैकी काही एकाच खोडावर ठेवायची, काही दोन खोडांवर, आणि काहींचे फुटवे बुडापासून न काढता त्यांची पहिली दोन पाने राखून फक्त शेंडा खुडायचा, अशी विभागणी केली आहे. ही तिसरी रीत अमेरिकेत मिसुरी पद्धत म्हणून ओळखली जाते. अर्का रक्षकला पहिल्या घोसाखालची साफसफाई सोडली तर हात लावायचा नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली आणि बांबूच्या सात फुटी काठ्या आणल्या. काठी रोपाच्या आधी रोवावी, हा नियम आम्ही पक्का धरला आहे, कारण महिनाभराने झाड वाकू लागल्यावर बुंध्याशेजारी काठी ठोकली की तोवर पसरलेली मुळे तुटतात आणि तुटलेल्या मुळातून रोगाला वाट मिळते.

परसातील काळी माती काठीच्या दृष्टीने अवघड आहे. पाणी दिले की ती फुगून लोण्यासारखी मऊ होते, वाळली की आकसते आणि काठीभोवती बोटभर फट पडते. मग पाच-सहा किलो फळ आणि पाला पेलणारी काठी हलू लागते. यावर उपाय म्हणून प्रत्येक काठी दीड फूट खोल रोवून भोवतीच्या खड्ड्यात मुरूम ठासून बसवला. शिवाय ओळीतील सगळ्या काठ्यांना माथ्याजवळ एक आडवा बांबू बांधला, म्हणजे एखाद्या झाडाचा भार एकट्या काठीवर न येता पूर्ण ओळीवर वाटला जाईल. दोन झाडांत दीड फूट आणि दोन ओळींत अडीच फूट अंतर ठेवले आहे.

अर्का रक्षकच्या ओळीत झाडागणिक काठी रोवलेली नाही. दर दोन झाडांनंतर एक जाड काठी रोवली आहे, आणि झाडे वाढतील तसतशी सुतळी एका बाजूने नेऊन दुसऱ्या बाजूने परत आणायची, म्हणजे झाडे दोन सुतळ्यांच्या मध्ये उभी राहतील. वीतभर वाढ झाली की वरची पुढची जोडी ओढायची. झुडूपवजा झाडाला हा आधार पुरतो आणि फांदीन् फांदी बांधत बसावे लागत नाही.

गच्चीवर ग्रो बॅग आहेत. त्यांतील कोकोपीट आणि शेणखताचे हलके मिश्रण काठी धरून ठेवत नाही. तिथे कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी पाइपाला नायलॉनची दोरी बांधून ती प्रत्येक पिशवीपर्यंत खाली सोडली आहे. खालच्या टोकाचा फास बुंध्याभोवती इतका सैल ठेवायचा की त्यातून अंगठा सहज फिरावा, आणि खोड वाढेल तसे ते दोरीभोवती एकाच दिशेने गुंडाळत न्यायचे.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी पुनर्लागवड केली. खालची पाने काढून खोडाचा निम्मा भाग मातीत पुरला, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात आणि झाडाला पाया मिळतो. जी रोपे उंच आणि किडकिडीत झाली होती ती आडव्या चरात निजवून फक्त शेंडा वर ठेवला.

१ डिसेंबर

पहिली बांधणी झाली. बांधायला सुतळी आणली होती, पण ती कोवळ्या खोडात रुतते. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांतून काठाच्या कापडी पट्ट्या सहज मिळतात; त्या मऊ, रुंद आणि थोड्या ताणल्या जाणाऱ्या असल्यामुळे हे काम त्यांच्यावर सोपवले. पट्टी आधी काठीभोवती घट्ट बांधायची, मग खोड आणि काठी यांच्या मधोमध तिला एक पीळ देऊन सैल वेटोळे खोडाभोवती घ्यायचे, म्हणजे इंग्रजी आठसारखा आकार होतो आणि काठी खोडाला घासत नाही. पट्टी नेहमी पानाच्या देठाच्या खाली घ्यावी. फुलांच्या घोसाखाली घेतली तर फळ भरल्यावर घोसाचा देठ तिच्यावर टेकून मोडतो.

याच वेळी फुटव्यांचे पहिले काम केले. अमर्याद झाडांवर पहिला घोस दिसू लागला आहे. त्याच्या लगेच खालच्या पानाच्या बगलेतून निघणारा फुटवा झाडावर सर्वांत जोमदार असतो, आणि दोन खोडांवर ठेवायच्या झाडांत दुसरे खोड म्हणून तोच राखला. त्याखालचे सगळे फुटवे काढले. दोन इंचांच्या आतला फुटवा सकाळी झाड पाण्याने भरलेले असताना बोटांनी एका बाजूला वाकवला की कट्कन तुटतो, आणि जखम इतकी लहान राहते की दुपारपर्यंत वाळते. ज्यांना ओळख पटत नाही त्यांनी थोडे थांबावे : पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघतो तो फुटवा, आणि खोडाच्या दोन पानांमधल्या कांड्यातून थेट निघतो तो फुलांचा घोस. घाईत घोस खुडला गेला तर तेवढे पीक गेले.

८ डिसेंबर

शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्या हौसेने फुटवे काढायला आल्या तेव्हा त्यांना आधी साबणाने हात धुवायला सांगावे लागले, आणि ते कसे सांगावे याचा मला थोडा संकोच वाटला. कारण सांगितल्यावर त्या हसून म्हणाल्या, "अगं, मग रोजच धुऊन येते की, त्यात काय एवढं!" सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची आणि तंबाखू खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हा मुद्दा इथे नुसता पुस्तकी ठरत नाही. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले आहेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही दीर्घकाळ टिकतो आणि त्याला पसरायला किडीची गरज लागत नाही. फुटवा मोडताना झालेल्या ओल्या जखमेला दूषित बोट लागले तरी पुरते. पानांवर फिकट-गडद हिरवे ठिपके पडतात, पाने अरुंद होतात, आणि त्यावर औषध नाही. त्यामुळे झाडांना हात लावण्यापूर्वी साबण, आणि एखादे झाड संशयास्पद दिसले तर त्याचे काम सर्वांत शेवटी, असा क्रम लावला आहे. कात्री शक्यतो वापरतच नाही, कारण ती रस एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

२२ डिसेंबर

ढगाळ हवा होती आणि पहाटे दव पडत होते. एका झाडाच्या जमिनीलगतच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यांत एकात एक वर्तुळे दिसली. हा लवकर येणारा करपा. त्याचे बीजाणू मातीत व जुन्या काडीकचऱ्यात असतात आणि पाण्याच्या शिंतोड्याबरोबर खालच्या पानांवर उडतात. पहिला घोस धरलेल्या सर्व झाडांची जमिनीपासून फूटभरापर्यंतची पाने काढली, त्याखाली उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले आणि पाणी पानांवर न उडवता बुडाशी सोडायला सुरुवात केली. या तिन्हींतील आच्छादनाचा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो, कारण ते शिंतोडेही अडवते आणि मार्चमध्ये जमिनीचा ओलावाही राखेल. पाने एकदम सगळी काढू नयेत. एका वेळी दोन-तीन काढून आठवडाभर थांबलो, म्हणजे झाडाला धक्का बसला नाही.

१७ जानेवारी २०२५

सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घरी पाहुण्यांची वर्दळ होती आणि झाडांना कुणी हात लावला नाही. तेवढ्यात चेरी टोमॅटोच्या बगलफुटी हातभर झाल्या आणि त्यांतील काहींवर कळ्याही आल्या. एवढा मोठा फुटवा बुडापासून तोडला तर खोडाची साल सोलवटते आणि झाडाचा बराच पाला एकदम कमी होतो. म्हणून त्यांचे फक्त शेंडे खुडून पुढची वाढ थांबवली. दोन फुटवे मात्र धारदार पात्याने कापून ओल्या कोकोपीटमध्ये खोचले आहेत. टोमॅटोचा फुटवा आठ-दहा दिवसांत मुळे धरतो आणि फुकटचे रोप मिळते.

यात्रेला आलेल्या मामांची, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाची, पंढरपूर तालुक्यात द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांत ज्यांचा हात मुरला आहे ते टोमॅटोवरही सपासप कात्री चालवायला सांगतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी एका खोडावरच्या झाडापाशी उभे राहून विचारले, "एका घोसाला किती पानं ठेवलीस?" द्राक्षाच्या घडाला पोसायला बारा ते पंधरा पाने लागतात, असा त्यांच्याकडे हिशेब असतो. टोमॅटोकडे या नजरेने मी पाहिलेच नव्हते. मोजून पाहिले तर अमर्याद वाणात दोन घोसांच्या मध्ये साधारण तीनच पाने येतात. एकच खोड ठेवून सर्व फुटवे काढले की प्रत्येक घोसाच्या वाट्याला तीन पाने उरतात. फुटव्याची दोन पाने राखली तर प्रत्येक बगलेमागे दोन, म्हणजे एका घोसामागे आणखी सहापर्यंत पाने मिळतात आणि झाडाची रुंदी मात्र फारशी वाढत नाही. टोमॅटोचे पान द्राक्षाच्या पानापेक्षा वेगळे आणि मोठे असते, तेव्हा आकडे थेट जुळवता येणार नाहीत, पण छाटणीचा विचार फुटव्यापासून सुरू न करता घोसापासून सुरू करावा हे मामांचे म्हणणे मला या हंगामातील सर्वांत कामाचे वाटते.

९ फेब्रुवारी

एका खोडावरच्या झाडांची फळे आधी पिकली आणि ती आकाराने मोठी आहेत. दोन खोडांवरची त्यानंतर आठवडाभराने सुरू झाली, फळे किंचित लहान, पण संख्येने पुष्कळ जास्त. दोन पाने राखलेली झाडे या दोहोंच्या मध्ये आहेत. आज तुलना थांबवली असती तर एक खोडवाल्यांच्या बाजूने कौल गेला असता.

गच्चीवरील एका खोडाच्या दोन झाडांवर फळाचे बूड काळे, चामड्यासारखे पडले आहे. हा रोग नसून फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम असतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहते आणि ओलावा कमी-जास्त झाला की त्याचा पुरवठा खंडित होतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे पाणी आले की भरपूर आणि नसले की अगदी थोडे, अशी सवय हाताला लागते, आणि ग्रो बॅगला नेमके तेच सोसत नाही. काठीवर बांधून कडक छाटलेल्या झाडांत हा विकार आणि फळ तडकणे जास्त दिसते. पिशव्यांना आता साठवणीच्या टाकीतून सकाळी ठरलेले माप देतो आणि वर पाचटाचा थर घातला आहे. काळी पडलेली फळे काढून टाकली, कारण ती सुधारत नाहीत आणि झाडाचे अन्न मात्र खातात.

२ मार्च

आज अमर्याद वाढीच्या सर्व झाडांचे शेंडे खुडले. थंड देशांत हे काम पहिल्या हिमतुषाराच्या चार ते सहा आठवडे आधी करतात, म्हणजे उरलेली फळे थंडीपूर्वी पिकतात. आपल्याकडे हंगामाचा शेवट थंडी करत नाही, एप्रिलचे ऊन करते, तेव्हा तोच हिशेब उलट्या टोकाने मांडला. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. मार्चच्या मध्यानंतर उमलणारी फुले उन्हात बहुधा गळतील आणि चुकून धरलीच तर पिकण्याच्या वेळी मे उजाडेल. त्यांच्यासाठी झाडाला राबवण्यात अर्थ नाही. सर्वांत वरच्या, फळ धरलेल्या घोसाच्या पुढे दोन पाने ठेवून शेंडा तोडला. ती दोन पाने त्या घोसाला अन्नही देतील आणि डोक्यावर सावलीही. अर्का रक्षकची वाढ आपोआपच मंदावली आहे, म्हणून त्याला हात लावला नाही.

आजपासून फुटवे काढणे पूर्ण बंद.

२३ मार्च

गेल्या आठवड्यात पारा ३८ च्या पुढे गेला आणि ज्या निकालाची वाट पाहत होतो तो समोर आला. एका खोडावरच्या झाडांत पश्चिमेकडच्या उघड्या फळांवर आधी फिकट पिवळा आणि मग पांढरा, कागदासारखा चट्टा पडला आहे. हा उन्हाचा चटका आहे. चट्टा पडलेली बाजू पिकत नाही, आणि पुढे तिच्यावर काळी बुरशी धरते. त्याच ओळीत, त्याच उन्हात असलेल्या दोन पाने राखलेल्या झाडांवर असे फळ शोधावे लागते. दोन खोडांच्या झाडांवर थोडी आहेत, तीही जिथे दोन खोडांमध्ये फट पडली आहे तिथेच.

पश्चिमेच्या बाजूने पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट उभी लावली. माथ्यावर आडवी नेट टाकण्याचा विचार सोडून दिला, कारण दुपारी एकनंतरचे तिरपे ऊन फळाला जास्त भाजते आणि सकाळचे ऊन पानांना हवेच असते. एकही फांदी आता काढलेली नाही. काही खालची पाने पिवळी पडली आहेत, पण त्यांची सावली जमिनीवर पडते म्हणून तीही राहू दिली. करप्याचे ठिपके असलेली पाने मात्र काढावीच लागली.

फळांचा रंगही बदलला आहे. लाल होण्याऐवजी देठाजवळ पिवळे आणि इतरत्र नारिंगी राहणारी फळे वाढली आहेत. तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर राहिले की लाल रंगाचे लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळे रंगद्रव्य मात्र होत राहते. अशी फळे झाडावर ठेवून लाल होण्याची वाट पाहण्यात काही मिळत नाही. रंग फिरू लागताच, बुडाशी गुलाबी छटा दिसताच, तोडून घरातल्या सर्वांत गार खोलीत टोपलीत एका थरात पसरतो. तिथे ती चांगली लाल होतात. फ्रिजमध्ये ठेवली तर पिकणे थांबते आणि चवही जाते.

१३ एप्रिल

काल संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. परसातील ओळी आडव्या बांबूमुळे जागच्या हलल्या नाहीत. गच्चीवर दोरीला गुंडाळलेली झाडे झोके घेत राहिली, पण एकही खोड मोडले नाही; लोखंडी पाइपाचा आधार भक्कम ठरला. सुतळीच्या दोन जोड्यांमधले अर्का रक्षक सर्वांत कमी विस्कटले.

फुले थांबली आहेत. उरलेली हिरवी फळे तोडली आणि सासूबाईंनी त्यांतली निम्मी भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि हिरव्या मिरच्या घालून चटणीला घेतली.

झाडे उपटताना प्रत्येकाची मुळे पाहिली. दोन झाडांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या, म्हणजे जमिनीत सूत्रकृमी, मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत. त्या वाफ्यात पुढचा टोमॅटो, वांगे, मिरची किंवा बटाटा घेणार नाही; पावसाळ्यात तिथे झेंडू लावून मग निंबोळी पेंड घालायची आहे. करपा असलेला पाला खतात न घालता वेगळा काढला. टॉवेलच्या पट्ट्या टाकून दिल्या. काठ्या घासून, उन्हात पालथ्या-उताण्या वाळवून छपराखाली ठेवल्या आहेत, कारण बांबूच्या भेगांत बीजाणू राहतात.

पुढच्या हिवाळ्यात एका खोडाची झाडे फक्त पूर्वेच्या भिंतीलगत, जिथे दुपारनंतर आपोआप सावली येते, तिथे लावायची आहेत. लवकर फळ हवे असेल तर तेवढी पुरतात. बाकी सर्व अमर्याद झाडांवर दोन पाने राखून शेंडा खुडायचा, आणि रोपे लवकर, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच टाकायची, म्हणजे चौथा-पाचवा घोसही फेब्रुवारीच्या आत धरेल.